मत्स्यटाकीतले प्रश्न: हा पफर नक्की कुठला, आणि मीठ घालू की नको?

यावेळी पफर माशावर, म्हणजे घाबरला की पाणी ओढून फुगतो त्या माशावर, बरीच पत्रं आलीत. बहुतेकांची गोष्ट सारखीच आहे, दुकानात एक नाव सांगितलं, नेटवर दुसरं सापडलं आणि घरी आल्यावर मासा तिसराच निघाला. नागपूरच्या ताईंचं पत्र पहिलं घेतोय कारण त्यांचा मासा खरंच वेगळा आहे आणि त्यांच्या उत्तरात बाकीच्यांचीही निम्मी उत्तरं येऊन जातील.

प्रश्न: नमस्कार दादा, मी नागपूरहून लिहितेय. दिवाळीच्या सुट्टीत मुलाने हट्ट केला म्हणून दोन ग्रीन पफर आणले. दुकानदार म्हणाला हे एवढेच राहतात, कशातही सोडा. आमच्या दोन फुटी टाकीत आधीपासून एंजल आणि गप्पी मासे आहेत. काही दिवसांतच एका पफरने दुसऱ्याला चावून चावून मारलं, आता एकच उरलाय आणि त्याने एंजलच्या शेपट्यांच्या चिंध्या केल्यात. नेटवर बघितलं तर अंगावर डोळ्यासारखा गोल ठिपका असतो तो फिगर एट पफर, त्याला खारं पाणी लागतं असं दिसलं म्हणून मी दोन मोठे चमचे खडे मीठ टाकलं. मग दुसरीकडे वाचलं की मीठ अजिबात नको. पेलेट्सकडे (कोरड्या खाण्याच्या गोळ्यांकडे) तो ढुंकूनही बघत नाही, फक्त ब्लडवर्म (लाल अळ्या) खातो. हा नक्की कोणता मासा आहे? आणि जमत नसेल तर अंबाझरी तलावात सोडून देऊ का असं हे म्हणतात. फोटो सोबत पाठवलाय.

उत्तर: ताई, आधी मिठाचा डबा परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवा. आणि अंबाझरीत वगैरे अजिबात सोडायचा नाही, तो तिथला मासा नाही. विकत आणलेला कुठलाच मासा तलावात सोडायचा नसतो, हे जरा घरात सगळ्यांनाच सांगा.

आता फोटो. वरून आणि बाजूने असे दोन्ही काढलेत हे फार बरं केलंत, कारण पफर ओळखायचा तर पाठ आणि कूस दोन्ही दिसायला लागतात, समोरून काढलेल्या फोटोत सगळेच पफर गोड दिसतात आणि सगळे सारखेच दिसतात. तुमच्या माशाची पाठ शेवाळी-तपकिरी आहे, त्यावर फिकट रंगाची वेडीवाकडी जाळी आहे, पोट पांढरं आहे, आणि दोन्ही कुशींवर मागच्या बाजूला एकेकच काळा गोल ठिपका आहे ज्याला पिवळसर कडा आहे. शेपटीच्या टोकाला लालसर झाक आहे. त्वचा गुळगुळीत वाटतेय, बारीक काटे दिसत नाहीत. हा आपला देशी गोड्या पाण्यातला पफर आहे, लिओडॉन कटकटिया. जुन्या पुस्तकांत तो टेट्राओडॉन कटकटिया म्हणून सापडेल. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. गंगा-ब्रह्मपुत्रेचं खोरं, बंगाल, आसाम, ओडिशा, बांगलादेश हा त्याचा मुलूख, तिकडची तळी, खाचरं, संथ नाले. बंगालीत त्याला टेपा म्हणतात आणि तिकडच्या पोरांना तो चांगला माहीत असतो. कोलकात्याच्या बाजारातून रंगीत माशांच्या थर्माकोलच्या खोक्यांत असले तळ्या-नाल्यांतून पकडलेले मासे देशभर जातात, आणि दुकानात पोचेपर्यंत कोणी त्याला ग्रीन पफर म्हणतं, कोणी फिगर एट, कोणी नुसतंच पफर. दुकानदाराला फार दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे आलेल्या यादीतच तसं लिहिलेलं असतं.

फिगर एट कसा दिसतो ते सांगतो म्हणजे तुमची खात्री होईल. त्याची पाठ गडद, जवळजवळ काळपट, आणि तिच्यावर झळझळीत पिवळ्या-हिरव्या रेघांची वेटोळी, वरून बघितलं की इंग्रजी आठाचा आकडा दिसतो. कडेवाले ठिपके त्याला एका बाजूला दोन असतात, एक पाठीच्या फिनखाली आणि एक शेपटीच्या मुळाशी. म्हणजे एका कुशीवरचे ठिपके मोजले तरी अर्धं काम होतं. खरा ग्रीन स्पॉटेड पफर तर फारच वेगळा, पोपटी-पिवळी पाठ आणि तिच्यावर सुटे सुटे गोल काळे ठिपके, कडाबिडा काही नाही. (याच माशाचा जीनोम २००४ साली पूर्ण वाचला गेला, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमधल्या सगळ्यात छोट्या जीनोमांपैकी एक म्हणून, पण ते आत्ता राहू द्या.) तो छोटा असताना गोड्या पाण्यात विकतात, वाढत जातो तसतसं त्याला मीठ जास्त जास्त लागत जातं आणि १५ सेंटीमीटरच्या आसपास होतो.

आता यात एक मेख आहे. थायलंड-व्हिएतनामकडचे पाओ नावाचे पफर असतात, त्यांच्यातल्या काहींच्या कुशीवरही असाच एक कडेवाला ठिपका असतो, बहुतेकदा लालसर. फोटोवरून मी शंभर टक्के शपथ घेणार नाही, पण रंग, जाळी आणि गुळगुळीत कातडी बघता कटकटियाच वाटतो. आणि समजा पाओ निघाला तरी तुमचं काही बिघडत नाही, तोही गोड्या पाण्यातलाच, तोही तेवढाच भांडखोर, आणि त्यालाही मीठ नको. म्हणून मी नेहमी म्हणतो की पफरचं शास्त्रीय नाव चार दिवस उशिरा कळलं तरी चालेल, तो कुठल्या पाण्यातला आहे हे पहिल्या दिवशी कळलं पाहिजे.

घातलेल्या मिठाने घाबरून जाऊ नका, दोन चमचे ७० लिटरमध्ये म्हणजे काही लगेच मासा मरत नाही. पण एका दिवसात सगळं पाणी बदलायच्या भानगडीत पडू नका. एक दिवसाआड पाव टाकी पाणी काढा आणि तेवढंच बिनमिठाचं, अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं औषध) घातलेलं, टाकीतल्या पाण्याच्याच तापमानाचं पाणी घाला, आठ-दहा दिवसांत मीठ नावालाच उरेल. आणि हे सगळ्यांसाठीच सांगतो, ज्या पफरला खरंच मचूळ पाणी लागतं त्याला पण खडे मीठ किंवा जेवणातलं मीठ चालत नाही. समुद्री टाकीसाठीचं मीठ वेगळं मिळतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाण्याचा पीएच धरून ठेवणारे क्षार असतात, आपल्या मिठात नुसतं मीठ. फिगर एटला लिटरला साधारण ७-८ ग्रॅम, हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता मोजायच्या नळीवर) १.००५ दिसेल एवढं. चमच्याने अंदाजपंचे नाही.

आता भांडणाचं. एंजल आणि गप्पी आजच बाहेर काढा, म्हणजे खरंच आज. हा मासा स्वभावाने एकटा राहणारा आहे, त्याला सोबत नको असते आणि आपल्याला वाईट वाटतं म्हणून आपण सोबत आणतो, मग रोज सकाळी टाकीत अर्धवट कुरतडलेला कोणीतरी सापडतो. दुसरा पफरही आणू नका, पहिला कसा गेला ते बघितलंतच. तुमची दोन फूट बाय एक फूट बाय सव्वा फूट टाकी म्हणजे साधारण ७० लिटर, आत्ता तो पाच सेंटीमीटरचा आहे तोवर एकट्याला चालेल. पूर्ण वाढला की ८-१० सेंटीमीटरचा होतो, क्वचित त्याहून मोठा, तेव्हा अडीच बाय सव्वा बाय दीड फुटी टाकी बघा.

टाकीत खाली बारीक वाळू, टोकदार खडी नको कारण तो वाळूत बसतो. कुंभाराकडचं एखादं छोटं मडकं आडवं टाका, एक-दोन मंगलोरी कौलांचे तुकडे, एक लाकूड, आणि झाडं भरपूर. त्याला लपायला जागा जितकी जास्त तितका तो जास्त बाहेर येतो, हे विचित्र वाटेल पण तसंच होतं. नर-मादी जोडी जमली तर मादी सपाट दगडावर किंवा कौलावर अंडी घालते आणि नर त्यांची राखण करत बसतो, पण ते पुढचं पुढे.

फिल्टर टाकीच्या मानाने दणकट हवा. पफर खाताना घाण फार करतो, गोगलगाय फोडली की निम्मं मांस पाण्यात उडतं आणि ते कुजून अमोनिया होतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट २० च्या आत, हे टेस्ट किटवर बघायचं, डोळ्याने पाणी स्वच्छ दिसतंय यावर जाऊ नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने त्यातले उपयोगी बॅक्टेरिया मरतात, बादलीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात पिळून घ्यायचा. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. नवीन टाकी मांडणाऱ्यांना सांगतो, फिल्टरमध्ये हे बॅक्टेरिया वाढून तो तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि पफर हा कच्च्या टाकीत सोडायचा मासाच नाही.

नागपूरचं म्हणाल तर मला पाण्याच्या क्षारांपेक्षा मे महिन्याची जास्त काळजी वाटते. या माशाला २४ ते २८ अंश बरं पडतं. तुमच्याकडे बाहेर ४५ झालं की वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टाकीचं पाणी सहज ३२-३३ ला जातं, आणि पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, नेमका तेव्हाच माशाला जास्त लागतो. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाका (नुसती उघडी ठेवू नका) आणि एक छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा मारत ठेवा, दोन-तीन अंश आरामात उतरतात. मात्र कूलर चालू असलेल्या खोलीत हवा आधीच ओली असते, तिथे पंख्याचा उपयोग कमी होतो, त्यापेक्षा कूलरच्या गार हवेतच टाकी येईल असं बघा. पाणी उडून जाईल ते रोज भरत राहा. बर्फ थेट टाकायचा नाही. लाइट जातात तिथे बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा, फार महाग नसतो.

आणि खाणं. पेलेट्सचा नाद सोडा, तो बहुतेक खाणारच नाही आणि खाल्ले तरी त्याच्या कामाचे नाहीत. पफरच्या तोंडात वर दोन आणि खाली दोन असे चार दात एकमेकांना चिकटून चोच झालेली असते आणि ती आयुष्यभर वाढत राहते, उंदराच्या दातांसारखीच. ती झिजायला कडक काहीतरी फोडावं लागतं. सगळ्यात उत्तम म्हणजे पाणगोगलगायी. अॅक्वेरियमच्या दुकानात पाणवनस्पतींच्या जुड्यांवर त्या फुकट येतात, दुकानदाराला त्या नको असतात आणि आपल्याला हव्या असतात. एका प्लॅस्टिकच्या बरणीत किंवा बादलीत बाल्कनीत सावलीला ठेवा, काकडीची चकती, दोडक्याची साल, उकडलेला पालक टाकत राहा, महिन्याभरात एवढ्या होतील की शेजाऱ्यांना द्याल. तलावातून, नाल्यातून आणू नका, त्यांच्याबरोबर जंत येतात. लांबट टोकदार कडक शंखाच्या असतात त्या देऊ नका, त्या फोडताना दात तुटू शकतो. पहिल्यांदा गोगलगाय द्याल तेव्हा मुलाला टाकीजवळ बसवा. मासा आधी लांबून बघतो, एक डोळा गोगलगायीवर आणि दुसरा तुमच्यावर, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात त्याचे. मग छातीचे छोटे फिन्स भरभर हलवत जागच्या जागी तरंगतो, शेपटी एका बाजूला दुमडलेली, आणि गोगलगायीने मान बाहेर काढली रे काढली की झडप. शंखाचा आवाज काचेबाहेर ऐकू येतो.

बाकी तुमच्याकडे बाजारात झिंगे मिळतात ते सालासकट तुकडे करून द्या, खेकड्याचा छोटा नांगा, ब्लडवर्म मधूनमधून. मीठ लावलेलं सुकट नको. नुसते फ्रोझन झिंगे आणि शिंपल्यांवरही ठेवू नका, त्यांतल्या काहींमध्ये थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, त्यामुळे आलटून पालटून. लहान आहे तोवर रोज, मोठा झाला की एक दिवसाआड, आणि पोट किंचित गोल दिसलं की थांबायचं. तो काचेशी येऊन असं काही बघेल की घरातल्या सगळ्यांना वाटेल याला कोणी खायलाच दिलेलं नाही. नाटक असतं. उरलेले तुकडे तासाभरात काढून टाका.

शेवटचं एक. हा तळ्या-नाल्यांतून पकडलेला मासा आहे, त्याच्या पोटात जंत असण्याची शक्यता बरीच. भरपूर खातोय तरी पोट आत गेलेलं, पाठ सुरीसारखी झालेली दिसली तर माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारून जंताचं औषध खाण्यातून द्या. अंगावर पांढरे ठिपके आले तर दुकानातलं पहिलं औषध उचलून ओतू नका, पफरला खवले नसतात त्यामुळे औषध त्याला जास्त लागतं, विशेषतः तांबं असलेली औषधं. तांब्याने तुमच्या गोगलगायीही मरतील.

प्रश्न: सर, पुण्यातून लिहितोय. मी सहा पी पफर (ते वाटाण्यासारखे छोटे) आणले १५ लिटरच्या टाकीत, आता चार आहेत. एक जण बाकीच्यांना सतत पळवतो. नर-मादी कसे ओळखायचे? आणि हे केरळचे आहेत हे खरं का?

उत्तर: खरं आहे. कॅरिनोटेट्राओडॉन ट्रावनकोरिकस, १९४१ साली होरा आणि नायर यांनी केरळच्या पंपा नदीतून त्याची नोंद केली. केरळ आणि कर्नाटकाचा दक्षिणेकडचा भाग सोडला तर जगात कुठेही निसर्गात सापडत नाही. पूर्ण वाढलेला साधारण अडीच-तीन सेंटीमीटर, जगातल्या सगळ्यात छोट्या पफरांपैकी एक. त्याला पण मीठ लागत नाही, पूर्ण गोड्या पाण्यातला आहे. त्याचाच एक जुळा भाऊ आहे, कॅरिनोटेट्राओडॉन इमिटेटर, तो १९९९ साली वेगळा म्हणून ठरला, ठिपके कमी आणि रंग जास्त पिवळा, तुमच्या गटात एखादा तो पण असू शकतो.

पळवणारा तो नर. नराच्या पोटावर मधोमध एक गडद रेघ येते, डोळ्यामागे सुरकुत्यांसारख्या बारीक रेघा दिसतात, अंग सडपातळ. मादी गोलमटोल, पोटावर रेघ नाही. पण फार लहान असताना हे दिसत नाही, त्यामुळे दुकानातून निवडून आणले असं कोणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. एका नराला दोन-तीन माद्या हे प्रमाण बरं. खरा घोळ मात्र नर-मादीचा नाही, टाकीचा आहे. १५ लिटरमध्ये एक पफर राहील, सहा नाही. गट ठेवायचा तर ६० लिटर तरी हवी आणि त्यात झाडं इतकी दाट की एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा दिसता कामा नये, शेवाळ, वालिस्नेरिया, जावा फर्न, वर तरंगणारी झाडं. नजरेला नजर भिडली नाही की निम्मी भांडणं होतच नाहीत. खाणं पण एकाच जागी टाकू नका, दोन-तीन ठिकाणी टाका नाहीतर दादा मासा सगळं खाऊन टाकतो आणि बाकीचे बारीक होत जातात.

एक गोष्ट या माशाबद्दल मुद्दाम. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत तो असुरक्षित गटात आहे, आणि बाजारात येणारे बरेचसे अजूनही नदीतून पकडलेले असतात. स्वस्त मिळतात म्हणून डझनाने आणून महिन्यात मारणं हे मला पटत नाही, जरा स्पष्टच बोलतोय. तुमच्या चारांत जोडी असेल तर घरी पिल्लं होऊ शकतात, शेवाळाच्या गठ्ठ्यात अंडी टाकतात, पिल्लं अगदी टाचणीच्या डोक्याएवढी असतात आणि त्यांना सुरुवातीला इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव), मग आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या जीवाची ताजी पिल्लं लागतात. ज्यांना जमलंय त्यांच्याकडून घ्या, आणि तुम्हाला जमलं तर इतरांना द्या.

प्रश्न: दादा, मी मालवणचा. खाडीत पागताना जाळ्यात एक बारकं केंड आलं, चार बोटांचं, पाठ राखाडी आणि वर पांढरे टिपके, बाजू पिवळी. बादलीत ठेवलंय, टाकी घेऊन पाळू का? बाबा ओरडतात, "ह्यो घरात कित्याक हाडलंस?"

उत्तर: बाबांचं ऐका. तुम्ही वर्णन केलंय तो बहुतेक चेलोनोडॉन्टॉप्स पाटोका, दुधी ठिपक्यांचा केंड (कोकणात पफरला केंड म्हणतात). खाडीच्या तोंडाशी, खारफुटीत छोटे दिसतात. आज चार बोटांचा आहे, वाढतो तो फुटाच्या वर, ३८ सेंटीमीटरपर्यंतची नोंद आहे. त्याला मचूळ आणि पुढे जवळजवळ समुद्राएवढं खारं पाणी, शेकड्याने लिटरची टाकी आणि मोठा फिल्टर लागेल, घरातल्या घरात हे झेपणारं नाही. बादलीत हवा नसते, आजच भरतीच्या वेळेला जिथून धरला तिथेच सोडा. इथे सोडायला हरकत नाही कारण तो तिथलाच आहे आणि अजून दुसऱ्या माशांच्या टाकीत गेलेला नाही. तुमच्याकडचे मच्छीमार ज्या केंडांनी जाळी फाडली म्हणून वैतागलेले असतात ते खोल पाण्यातले झुंडीने येणारे लॅगोसेफॅलस, हा तो नव्हे.

आणि तुम्हाला वेगळं सांगायला नको पण बाकीच्या वाचकांसाठी, केंड खायचं नाही. त्यातलं विष टेट्रोडोटॉक्सिन, १९०९ साली जपानच्या ताहारांनी त्याला हे नाव दिलं, शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. काळीज, अंडाशय, बऱ्याच जातींत कातडीतही असतं. आणि गोड्या पाण्यातला म्हणून सुरक्षित असंही समजू नका, बांगलादेशातल्या गोड्या पाण्याच्या पफरांत सॅक्सिटॉक्सिन हे दुसरं विष सापडलंय आणि तिथे हे मासे खाऊन माणसं दगावलीत.

प्रश्न: मग घरात विषारी मासा ठेवणं धोक्याचं नाही का? लहान मुलं, मांजर आहे.

उत्तर: विष खाल्ल्यावर आहे. टाकीत हात घातल्याने काही होत नाही, हात धुवायचे ते कुठल्याही टाकीनंतर धुवायचेच. बोट मात्र तोंडाजवळ नेऊ नका, मोठा पफर कडकडून चावतो. मेला तर मांजरापुढे टाकू नका आणि उकिरड्यावर उघडा फेकू नका, कुत्रं खाईल. कागदात गुंडाळून खोल पुरा.

प्रश्न: आमच्या फिगर एटची चोच इतकी वाढलीय की तो खाणं तोंडात घेतो आणि बाहेर टाकतो. नखं कापायच्या कटरने कापतात असं ऐकलं, कापू का?

उत्तर: कापतात हे खरं, क्युटिकल कटरने, माशाला लवंगेच्या तेलाच्या पाण्यात गुंगी देऊन. पण लवंग तेलाचं प्रमाण एका थेंबाने चुकलं तरी मासा उठत नाही, आणि गुंगी कमी पडली तर तो हातात फुगतो. पहिल्यांदा करताय तर माशांचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या, शहरांत आता असे आहेत. तोपर्यंत ब्लडवर्मसारखं मऊ काहीतरी द्या म्हणजे उपाशी राहणार नाही. एकदा कापून झालं की आठवड्यातून तीन-चारदा गोगलगायी, नाहीतर काही महिन्यांनी परत हेच.

प्रश्न: घरी पाहुणे आले की सगळे म्हणतात मासा फुगवून दाखव. काचेवर टिचक्या मारतात. फुगल्याने त्याला काही त्रास होतो का?

उत्तर: होतो. पफर हवेने नाही, पाणी पोटात ओढून फुगतो, घाबरला की जीव वाचवायला शेवटचा उपाय म्हणून. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी फुगलेल्या पफरांचा श्वास मोजला, तो फुगलेला असताना दम धरून बसत नाही, उलट ऑक्सिजन जास्त वापरतो आणि नंतर पूर्ववत व्हायला त्याला काही तास लागतात. अधूनमधून एखादा पफर सकाळी आपणहून फुगून लगेच मोकळा होतो, त्याची काळजी नको. पण मुद्दाम फुगवायचं नाही. पकडायचा असेल तेव्हाही जाळीने वर उचलू नका, पाण्याबाहेर घाबरला तर हवा ओढतो आणि ती त्याला सहजी बाहेर टाकता येत नाही, मग पोट वर करून तरंगत बसतो. पाण्यातच एखादा डबा धरून त्यात हाकला आणि पाण्यासकट उचला. चुकून हवा गेलीच तर हात ओला करून त्याला पाण्याखाली तोंड वर, शेपटी खाली असा हलकेच धरा, बुडबुडे निघून जातात. पाहुण्यांना गोगलगाय खाताना दाखवा, ते जास्त बघण्यासारखं असतं.